सुरगाठ

आमच्याकडे ऋतू बदलतो तो एसीच्या रिमोटवर. नोव्हेंबरातल्या एका सकाळी फिलोमिना, म्हणजे माझी बायको, हॉलचा एसी बंद करते, सात महिने न उघडलेली खिडकी ओढाताण करून उघडते आणि थंडी आल्याचं जाहीर करते. वसईत कुणी ऐकलं तर हसेल. पण इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी वर्षातून पहिल्यांदा शांतता ऐकू येते. एसीच्या घरघरीखाली दबलेले आवाज मग एकेक करून वर येतात. उतरणारी विमानं, समोरच्या व्हिलात पाण्याचा पाइप ओढत फिरणारा माळी, गच्चीवरची कबुतरं. आणि दोन-तीन दिवसांनी, उजाडता उजाडता, डोक्यावरून जाणारी पंखांची ती सणसण. बाकी कुणाचं लक्ष जात नाही. मी हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवतो. बदकं आली.

या महिन्याची इथे सगळे देवासारखी वाट बघतात. शेगड्या बाहेर निघतात, वाळवंटात तंबू ठोकले जातात, ऑफिसात सगळ्यांचे चेहरे जरा माणसासारखे दिसू लागतात. मी मात्र या दिवसांत चिडका होतो. फिलोमिना म्हणते, तुला उन्हाळाच मानवतो. तिचं खरं आहे. उन्हाळ्यात पाण्यावर काही नसतं.

गेल्या आठवड्यात रियाला, माझ्या लेकीला, घेऊन संध्याकाळी फिरायला गेलो होतो. ती आता चौदा वर्षांची आहे. झाडांना पाणी देण्यासाठी साठवलेलं एक तळं त्या वाटेवर लागतं. पाण्यावर पंधरा-वीस बदकं होती आणि त्यांच्या मधोमध काहीतरी पांढरं, उपडं. मी थांबलो. रिया थोडं पुढे जाऊन मागे आली. "डॅडी, इट्स जस्ट अ बकेट," ती म्हणाली. बादलीच होती, रंगाची, वीस लिटरची. तरी माझा पाय उचलेना. मी वाऱ्याची वाट बघत होतो. वारा आला, पाण्यावर बारीक सुरकुती धावली, बादली डुलली आणि थोडी सरकली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. रिया माझ्याकडे आता जरा काळजीनं बघते.

ज्या हिवाळ्याबद्दल मला बोलायचं आहे त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी जबल अलीजवळच्या एका कामगार कॅम्पवर टाइमकीपर होतो. कोण कामावर आला, कोण नाही, याचं रजिस्टर माझ्याकडे. कॅम्पच्या मागे, गोदामांच्या ओळी संपल्या की, कंपनीचं एक तळं होतं. कॅम्पचं सांडपाणी स्वच्छ करून त्यात सोडायचे आणि रस्त्याकडेच्या झाडांना पुरवायचे. पाणी गळ्याइतकं, खाली गाळ, कडेनं माणूस लपेल इतकी लव्हाळी. तळ्याच्या पंपावर शिवराम होता. उजनी धरणाच्या काठचा, जातीनं भोई. त्या डिसेंबरात शिवराम त्या तळ्यात मेला. कामावर असताना गेला असं कागदावर आहे. तो माझ्या नाताळच्या जेवणासाठी बदकं धरायला उतरला होता, हे कागदावर नाही.

सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये तेव्हाही बदक मिळत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला माझी कीव यायला नको. फिलोमिना आणि रिया दोनच महिन्यांपूर्वी आल्या होत्या. आमचा इथला पहिला नाताळ, जेवायला तिचा भाऊ आणि वहिनी येणार. फिलोमिनाच्या माहेरी नाताळला बदकाची मोइली, म्हणजे मसालेदार रस्सा, होते. तिनं बाटली मसाला बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला होता. तिच्या आईनं मसाला भरून दिलेल्या बिअरच्या दोन बाटल्या, तोंडाला मेण लावलेलं, आणि तरी सगळ्या साड्यांना वास. फ्रीझरमधलं बदक म्हणजे ओला पुठ्ठा, असं मी शिवरामपाशी चहा पिताना बोलून गेलो. तळ्यावर समोर पन्नास थापट्या पोहत होते. थापट्या म्हणजे ते फावड्यासारख्या चोचीचं बदक. शिवरामनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आठ वर्षं हा माणूस पंपाचं बटण दाबत होता. बटण दाबायचं, काटा बघायचा, सही करायची. याला दुसरं काही येतं का, असं आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. त्याच्या बापानं त्याला मडकं घालून बदक धरायला शिकवलं होतं. धरणाच्या पाण्यात आधी रिकामी मडकी सोडायची. बदकांना त्यांची सवय झाली की एक दिवस माणूस मडक्यात डोकं घालून, गळ्याइतक्या पाण्यात, मडक्यांमधून चालत जातो. डोळ्यांपुरती दोन भोकं. बदक जवळ आलं की पाण्याखालून त्याचे पाय धरून खाली ओढायचं. शेजारच्या बदकालाही कळत नाही. गावाकडे बंदी आली, नवी माणसं शहरात गेली, विद्या संपली. जानेवारीत शिवराम कायमचा घरी जाणार होता, व्हिसा कॅन्सल करून. हे सगळं त्यानं मला एका दमात सांगितलं. मग चहाचा ग्लास पालथा ठेवून म्हणाला, "साहेब, एकदा उतरू द्या मला. जायच्या आधी एकदा."

पक्ष्याला हात लावला तर इथे काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. पकडले गेलो तर खलास, जेल आणि मग थेट विमान. मी साहेब होतो, नको म्हणू शकलो असतो. मी हसलो आणि म्हणालो, आम्ही जेवायला पाच आहोत, माणशी एक तरी हवं.

त्यानंतरचे आठ दिवस. खरं सांगायचं तर माझ्या इथल्या सगळ्या वर्षांत इतके सुंदर आठ दिवस दुसरे नाहीत, आणि हेच मला सहन होत नाही. पहिले दोन दिवस शिवरामनं काहीच केलं नाही, नुसतं पाणी जोखलं. बदकं कुठे चरतात, उन्हाला कुठे बसतात, वारा समुद्राकडून किती वाजता सुटतो. मी घाई करू लागलो की म्हणायचा, पाण्याला आधी आपली सवय लागली पायजे. तिसऱ्या दिवशी आम्ही रंगाच्या रिकाम्या बादल्या गोळा केल्या. मडकं मी दुकानातून आणतो म्हटलं होतं. तो नको म्हणाला. मडकं हितं परकं, हितली बदकं बादलीच ओळखत्यात. मला त्याचं हे बोलणं इतकं आवडलं की मी घरी जाऊन फिलोमिनाला सांगितलं. बादल्या धुतल्या, झाकणं घट्ट बसवली आणि आठ बादल्या उपड्या पाण्यावर सोडल्या. बदकं भुर्र उडाली आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसली. शिवराम खुश. उडाली म्हणजे बघितलं त्यांनी, म्हणाला.

पाचव्या दिवशी एक थापट्या बादलीला चोच घासत होता.

मी ड्यूटी संपली की पंपाच्या शेडमध्ये जायचो. शेडला डिझेलचा आणि ओल्या सिमेंटचा वास. शिवरामनं विडी सोडली होती, श्वास साठवायला. अंगाला साबण बंद, केसांना तेल बंद. नवव्या बादलीला त्यानं ड्रिलनं दोन भोकं पाडली आणि जुन्या हेल्मेटचा पट्टा आत बसवला, हनुवटीखाली बांधायला. मालाचे खोके बांधायच्या पट्ट्याचा कमरबंद केला, त्याला नायलॉनच्या दोऱ्या लावल्या. आणि मला गाठ शिकवली. बदकाच्या पायाला निरगाठ मारायची नाही, ती ओल्या हातांनी काठावर सुटत नाही. सुरगाठ मारायची. पाण्यात कितीही ओढा, पक्की बसते, आणि काठावर शेपूट धरून एक झटका दिला की मोकळी. माझ्या बोटांना ते जमेना. मी वसईचा असून गाठी येत नाहीत म्हणून तो मला चिडवायचा. रजिस्टरच्या दोरीवर, पडद्याच्या नाडीवर, रियाच्या बुटांच्या लेसवर मी सुरगाठ मारत सुटलो. सातव्या दिवशी डोळे मिटून जमली.

रोज संध्याकाळी तो घरी फोन करायचा, माझ्यासमोरच. आवाज खाली, पण चेहरा असा की लग्न ठरलेल्या माणसाचाही नसेल. मी त्याला विचारलंही नाही बायकोशी काय बोलतोस म्हणून.

आणि त्याचा एक नेम होता. हा त्यानं मला दोनदा सांगितला. तीन पक्षी झाले की काठावर यायचं. बाहेर बसायचं, अंग पुसायचं, वाटलं तर पुन्हा जायचं. पण एका दमात तीनच. "मडक्यात श्वास तीन पाखरांपुरता असतोय," त्याचा बाप म्हणायचा. मी मान डोलावली. मडकं मातीचं असतं आणि मातीतून हवा झिरपते, प्लास्टिकमधून नाही, बादलीतला रंगाचा वास धुऊन जात नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही बादलीला मडकं म्हणत होतो आणि म्हणता म्हणता आम्हालाच त्याची सवय झाली.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. त्या शुक्रवारी सकाळी दाट धुकं होतं. कॅम्प झोपलेला, दूरच्या मशिदीतली प्रार्थना संपलेली. शिवराम लव्हाळ्यातून पाण्यात उतरला आणि बादली डोक्यावर घेतली. पन्नास पावलांवर तो नाहीसा झाला. पाण्यावर नऊ बादल्या होत्या आणि त्यातली कुठली तो, हे मला सांगता येईना. मी काठावर बसून मनात हसत होतो. मला कळत नाही तर बदकांना काय कळणार.

एक बदक गेलं. आवाज नाही, पाणी उडालं नाही. तिथे बदक होतं, मग तिथे पाणी होतं. मग दुसरं. मग तिसरं. आता तो वळेल, मी मनात म्हटलं. मग चौथं गेलं. मला अंगावर काटा आलेला आठवतो, पण तो भीतीचा नव्हता. मग पाचवं.

त्यानंतर सगळं स्थिर झालं. किती वेळ, मला सांगता येत नाही. नऊ वर्षं मी तो वेळ मोजायचा प्रयत्न करतोय. काय कसबी माणूस आहे, मी म्हणत होतो. बघा, जरासुद्धा हलत नाही. बदकं त्याला खेटून पोहत होती. मग धुकं उचललं, समुद्राकडून वारा सुटला आणि बादल्या डुलत डुलत माझ्या काठाकडे येऊ लागल्या. आठ बादल्या आल्या. एक जागची हलली नाही.

गाळात त्याचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले होते आणि तो उभाच होता. मी कपड्यांसकट आत गेलो, पडलो, घोट घोट पाणी प्यालो, त्याच्यापाशी पोचलो. हनुवटीखालचा पट्टा काढला. त्याला काठावर ओढत आणलं, कसं आणलं ते देव जाणे. त्याचा चेहरा शांत होता, झोपेत ओठ उघडे राहतात तसे ओठ. कमरेला पाच बदकं.

आणि आता मी काय केलं ते लिहितो. कॅम्पच्या बाजूनं कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज आला. मी ओरडलो नाही. त्याच्या छातीवर हात ठेवला नाही. मी आधी गाठी सोडल्या. एकेक शेपूट धरलं आणि झटका दिला. पाच झटके. बदकं आणि कमरबंद लव्हाळ्यात फेकले, दोन भोकांची ती बादली पायानं दाबून गाळात घातली, आणि मग ओरडलो. माझ्या डोळ्यांसमोर फिलोमिना होती, रिया होती, विमान होतं. शिवराम नव्हता. इतक्या चांगल्या गाठी माझ्या हातून पुन्हा कधी सुटल्या नाहीत. त्या पाच झटक्यांएवढ्या वेळात त्याच्यात जीव होता का, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थांबलं असावं. असावं, असं म्हणाले.

दुपारी मी रजिस्टर उघडून शुक्रवारी त्याची हजेरी लावली. पंपाच्या तोंडाशी अडकलेलं शेवाळ काढायला उतरला होता, असं सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. त्यामुळे त्याच्या घरच्यांना जे मिळायचं ते नीट मिळालं आणि लोक मला भला माणूस म्हणाले. त्या नाताळला फिलोमिनानं कोंबडी केली. शिवराम गेला त्याच रात्री मी तिला सगळं सांगितलं होतं, म्हणजे गाठींच्या आधीपर्यंतचं. बाटली मसाल्याची दुसरी बाटली तिनं पुढे कधी उघडली नाही.

चर्चमध्ये कन्फेशनला गेलो. खोटं बोललो, कायदा मोडला, हे सांगितलं. फादरनी प्रार्थना सांगितल्या, त्या म्हटल्या. पण कन्फेशन म्हणजे आपण निवडून आणलेलं पाप असतं. माणशी एक तरी हवं, हे वाक्य मी तिथे नेलंच नाही. त्यात पाप काय, हसत म्हटलेलं वाक्य.

शिवरामच्या बायकोचं नाव कौसल्या. ती दरवर्षी नाताळला मला फोन करते. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. तुमचा सण आहे म्हणून केला, म्हणते. आता तिच्या गावी पक्षी बघायला शहरातली माणसं येतात, ती त्यांच्यासाठी माशाचं जेवण करते, चांगलं चाललंय. रियाची चौकशी करते. पाच-सात मिनिटं आम्ही बोलतो आणि फोन ठेवला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसतो. ज्या माणसाला खरं ऐकायचा हक्क आहे तोच माणूस मला शुभेच्छा देतो, हे ओझं नऊ नाताळ वाहिलं. त्या तळ्यावरून रियाबरोबर परत येताना मी ठरवलं, यंदा तिच्या फोनची वाट बघायची नाही.

परवा सकाळी मीच केला. खिडकी उघडी होती. मी पाठ करून ठेवलं होतं, वहिनी, शिवराम कामावर नव्हता. तेवढं म्हणालो आणि पुढचं विसरलो. तिकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"ठाव हाय मला, भाऊ," ती म्हणाली. शिवराम आठही दिवस तिला फोनवर सांगत होता. आज बादल्या सोडल्या, आज बदकं परत आली, आज साहेबाला गाठ जमली, उद्या उतरतो. शेवाळाचं तिनं ऐकलं तेव्हाच तिला कळलं होतं. मग नऊ वर्षं का बोलली नाही, हे मी विचारणार होतो. तिनंच आधी विचारलं.

"किती धरली व्हती?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. पोलिसांनी विचारलं नाही, कंपनीनं नाही, फादरनी नाही, कारण बदकं होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तीन म्हणता आलं असतं. तीन म्हटलं असतं तर शिवरामचा नेम शाबूत राहिला असता आणि मीही सुटलो असतो. ती कुठे मोजायला येणार होती.

"पाच," मी म्हणालो.

तिच्याकडच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या.

"त्यांचा नेम तिनाचा व्हता. वरची दोन कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मी पाच मागितली होती, वहिनी."

आता ती रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल असं वाटलं. मला ते हवंच होतं. ती रडली नाही. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, स्वयंपाकघरातून विचारावं तसं, "मग, खाल्ली का तुमी?"

मी सांगितलं. गाठी कशा सोडल्या ते सांगितलं, बदकं लव्हाळ्यात फेकली ते सांगितलं. फिलोमिनालाही न सांगितलेलं पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं.

"टाकली," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा थांबून, "त्यांनी धरलेली टाकली व्हय, भाऊ."

मी हो म्हणालो. तिनं फोन ठेवला.